सांगस अडीच, शे पावणेतीन

शहाद्यात कुणाच्या घरी काय चाललंय हे जाणून घ्यायचं असेल, तर वर्तमानपत्र घेऊ नये. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मंगलाबाई कासारणीच्या दुकानात जाऊन अर्धा तास बसावं. बाई काही सांगत नाहीत, पण न सांगण्याची त्यांची तऱ्हाच अशी, की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. चाळीस वर्षं त्या बांगड्या भरताना बायकांचे हात दाबत आल्यात. माहेरी जाऊन कोण चार किलोनं भरून आली, कुणाचे सोळा सोमवार साबुदाण्याच्या वड्यांवर चाललेत, कुणाला ‘पित्त झालंय’ आणि त्या पित्ताचं बारसं कोणत्या महिन्यात येईल, हे त्यांना अंगठ्याच्या बुडाशी बोट टेकवलं की समजतं.

पण ही गोष्ट मंगलाबाईंची नाही. हे वाक्य वाचून त्यांना राग येईल, येऊ द्या. ही त्यांच्या सुनेची, दीपमालेची गोष्ट आहे.

दीपमाला मूळची खांडबाऱ्याची. स्टेशनाजवळ वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. पोरगी शिकत शिकत एमसीएपर्यंत गेली. शहाद्याहून कासारांकडची मंडळी बघायला आली तेव्हा मंगलाबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, “स्वयंपाक येतो ना?”

“येतो,” दीपमाला म्हणाली. “यांना येतो का?”

मुलगा, म्हणजे योगेंद्र, पोह्यांची बशी हातात धरून लाजला आणि म्हणाला, “खिचडी.”

खांडबाऱ्यात अजून सांगतात, की लग्न त्या खिचडीवर ठरलं. मंगलाबाई म्हणतात, तसं काही नव्हतं, पोरीचा हात चांगला होता. बांगडीच्या दोन-चार मापाचा, मऊ, गाठ न लागणारा. कासारणीला सुनेत आणखी काय हवं.

लग्नानंतर दीपमाला लोणखेडा रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जाऊ लागली. सकाळी नऊला जायची, संध्याकाळी सातला परत. मग क्लासच्या मालकाला सुरतेच्या साड्यांचं वेड लागलं, क्लास बंद पडला आणि गेल्या दिवाळीपासून ही बाई लॅपटॉप काखोटीला मारून दुकानात येऊन बसली. महिनाभरात तिनं फळ्यांना नंबर दिले, खोक्यांची यादी केली आणि तीन वर्षांपासून हरवलेल्या सोनेरी पाटल्यांचा पेटारा योगेंद्र रोज ज्यावर बसायचा तिथंच शोधून काढला. तो पेटारा नसून स्टूलच आहे, अशी योगेंद्रची समजूत होती.

तिचा एक गुण सांगायला हवा, कारण पुढे तोच नडणार आहे. दीपमाला चुकायची कमी, पण चुकली की अशा थाटात चुकायची, की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. क्लासमधली पोरं तिला घाबरत नसत, पण तिच्यासमोर ‘बहुतेक’ हा शब्द उच्चारत नसत.

तर, दुकानात सगळं तिच्या हाती आलं होतं. एक गोष्ट सोडून. लग्नाघरच्या मापांची वही.

ती वही मंगलाबाईंची. लग्न ठरलं की नवरीकडचे बोलावतात, मग बाई जातात, ओटीवर बसतात, घरातल्या आणि भावकीतल्या एकेकीचा हात दाबतात आणि नावापुढे माप लिहितात. मग मापाप्रमाणे माल मागवायचा. वहीला योगेंद्रनंही कधी हात लावला नव्हता. तो लावायला गेला असता तर त्याचंही माप लिहिलं गेलं असतं.

यंदा माघात लोणखेड्याच्या शांतीबाई पाटलिणीच्या मुलीचं लग्न निघालं. शांतीबाई म्हणजे गावातलं मोठं घर, केळीचे मळे, आणि हौस तर मळ्यापेक्षा मोठी. त्यांनी पुण्याच्या कुठल्या लग्नात पाहिलं होतं, की बांगड्या टोपलीतून न भरता प्रत्येकीच्या नावाची सुंदर डबी असते. त्यांनी निरोप धाडला: प्रत्येकीची वेगळी डबी हवी, डबीवर छापील नाव हवं आणि नावाखाली माप पण हवं, म्हणजे घोटाळा नको.

घोटाळा नको म्हणून माप छापा म्हणणारी ही बाई पुढे काय घोटाळा करणार होती ते येईलच.

दोनशे चौदा नावं. हातानं दोनशे चौदा डब्यांवर कोण लिहिणार? दीपमालेनं संधी साधली.

“आई, हे काम माझ्याकडे द्या. वहीतली मापं शीटमध्ये घालू, मी प्रोग्राम लिहिते. कोणत्या मापाचे किती जोड मागवायचे ते तोच मोजेल आणि लेबलंही तोच छापेल.”

मंगलाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “आन चुकनं तर?”

“नाही चुकणार.”

“चुकनं तर, म्हणी ऱ्हायनी मी.”

“तर तुम्ही सांगाल ते.”

मंगलाबाईंनी दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांकडे पाहिलं. साक्षीदार लागतात. “एकीना बी हात चुकना, तर तुन्हा तो डबा माळ्यावर. मंग तू तठे बसीसन पिना इकायच्या. वहीनं नाव काढानं नही.”

“आणि एकीचाही चुकला नाही तर?”

“तर वही तुन्ही.”

योगेंद्र मध्येच म्हणाला, “आई, बहुतेक—” आणि दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं, म्हणून वाक्य तिथंच राहिलं.

मंगलाबाई लोणखेड्याला दोन दिवस जाऊन आल्या. दोनशे चौदा हात दाबले. तिसऱ्या दिवशी योगेंद्रनं वही शेजारी ठेवून सगळं शीटमध्ये टाईप केलं. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात माप. दीपमालेनं प्रोग्राम चालवला. तो चालला, सुरळीत, एकही कुरकुर न करता. तिनं कागद छापला आणि सासूबाईंच्या चहाच्या कपाशेजारी असा ठेवला, जसं कुणी निकालपत्रक ठेवावं.

मंगलाबाईंनी पहिली ओळ वाचली. चहाचा घोट घेतला. परत पहिलीच ओळ वाचली.

“दोन-दोनना चव्वेचाळीस हात?”

“हो.”

“लोणखेडामा?”

“हो ना. काय झालं?”

“काही नही. त्या गावमा तूप खाणं बंद व्हयनं का, ते इचारी ऱ्हायनी.” बाईंनी बशी खाली ठेवली. “दोन-दोन म्हणजे शाळानी पोरनं माप वं. बठ्ठ्या लोणखेडामा असा हात तीन शेत. दोन पोरी आन एक ती नवी शिक्षिका, जी वाऱ्यानं उडी जाई.”

दीपमाला म्हणाली, “यांनी टाईप करताना काहीतरी केलं असेल.”

“मी?” योगेंद्र म्हणाला. “वहीत जे आहे तेच घातलं.”

मंगलाबाई तोवर बोटांच्या पेरांवर बेरीज करत खालपर्यंत गेल्या होत्या. शाळा चौथीपर्यंतची, पण बेरीज अशी, की बाजारातले हिशेबनीस त्यांना विचारून घेत. “एकशे सत्त्याऐंशी,” त्या म्हणाल्या. “मी दोनशे चौदा हात दाबेल शेत. सत्तावीस बाया कोठे गयात? शांतीबाई तरी शे का यामा?”

दीपमालेनं शोधलं. शांतीबाई नव्हती. नवरीची आईच यादीतून गायब. लग्न तिच्या घरचं, डब्या तिच्या हौसेच्या, आणि तिलाच डबी नाही.

मंगलाबाईंनी वर माळ्याकडे पाहिलं, तिथं लॅपटॉपला पुरेल एवढी जागा आहे का ते मापलं, आणि काही बोलल्या नाहीत. न बोलण्याची तऱ्हा मघाशी सांगितलीच.

“अजून माल मागवलेला नाही,” दीपमाला म्हणाली. “उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. हात अजून कुणाचाच चुकलेला नाही. कागद चुकला.”

मान हलवायलाच हवी असं ते बोलणं होतं. मंगलाबाईंनी मान हलवली, पण वही हातातून सोडली नाही. दीपमालेला वही सासूबाईंच्या मांडीवर ठेवूनच वाचावी लागली.

वहीतला पहिला दोन-दहाचा हात तिनं शोधला. समोर लिहिलेलं होतं: २.१०. योगेंद्रला म्हणाली, “हे माझ्यादेखत टाईप करा.”

योगेंद्रनं दोन दाबलं, टिंब दाबलं, एक दाबला, शून्य दाबलं आणि पुढच्या चौकटीत गेला. मागच्या चौकटीत उरलं २.१.

“त्यानं शून्य खाल्लं,” योगेंद्र म्हणाला. आवाजात समाधान होतं. गेल्या दहा मिनिटांत पहिल्यांदाच आळ दुसऱ्या कुणावर आला होता.

दीपमाला पडद्याकडे बघत राहिली. शीटला वाटलं हा दशांश आहे, आणि दशांशात शेवटचं शून्य असलं काय नि नसलं काय. दुकानात ‘दोन-दहा’ तिनं हजारदा ऐकलं होतं. पण कानावर येणारं दोन-दहा आणि पडद्यावर दिसणारं २.१ यांची ओळख तिला कुणी करून दिली नव्हती. उलट तिनं काय केलं होतं ते आता तिला आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बांगडीची मापं दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा अशी समच असतात. शीटमध्ये तिला ठिकठिकाणी २.१ दिसलं, तेव्हा तिनं ठरवलं की सासूबाईंचं हस्ताक्षर गचाळ आहे. म्हणून प्रोग्राममध्ये स्वतःच्या हातानं एक ओळ घातली होती: असं अधलंमधलं माप आलं, की पुढच्या मापावर ढकल. झालं. गावातल्या सगळ्यात भरलेल्या हातांच्या एक्केचाळीस बायका तिनं ढकलत ढकलत शाळेच्या बाकावर नेऊन बसवल्या होत्या.

“आई, ते टिंब…” ती म्हणाली.

“टिंब नही शे ते. उंबरा शे.” मंगलाबाईंनी वहीवर नख टेकवलं. “उंबराना अलीकडे इंच, पलीकडे आणा. सोळा आणाना एक इंच. दोन इंच आन चार आणा म्हणजे सव्वादोन. आठ आणा म्हणजे अडीच. बारा आणा म्हणजे पावणेतीन. आते सांग, बारा आणा मोठा का आठ आणा?”

“बारा.”

“आन तुन्हा डबा काय म्हणस?”

डबा म्हणत होता, २.१२ हे २.८ पेक्षा लहान. डब्याला आणे कुणी शिकवलेच नव्हते.

“आणि या सत्तावीस जणी?” दीपमालेनं विचारलं, पण उत्तर तिला दिसलंच. काही ठिकाणी सासूबाईंनी आकडा न घालता सरळ ‘अडीच’ लिहिलं होतं, काही ठिकाणी ‘सव्वादोन ढिला’. प्रोग्रामला तिनं बजावलं होतं की माप म्हणजे आकडा, आकडा नसेल ते सोडून दे. त्यानं इमानानं सोडून दिलं होतं आणि सोडल्याचं बोलला नव्हता. अशी माणसं आपल्या भावकीतही असतात. सांगितलेलं ऐकतात, न सांगितलेलं गिळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी दीपमाला कामाला बसली. आदल्या दिवसाचा प्रोग्राम तिनं पुसून टाकला. आपली ती हुशार ओळ पुसताना तिनं जरा जोरातच कळ दाबली.

आधी शीट. मापाचा अख्खा रकाना तिनं मजकूर म्हणून ठरवून टाकला, एक अक्षरही टाईप करण्याआधी. मग योगेंद्रनं दोनशे चौदा मापं पुन्हा घातली. या वेळी शून्य जागच्या जागी राहिलं. नंतर प्रोग्राम. त्यालाही सांगितलं: हा रकाना वाचताना डोकं चालवायचं नाही. आकडा दिसला तरी तो आकडा नाही. जे लिहिलंय ते अक्षर न् अक्षर उचल आणि माझ्यापुढे ठेव. अर्थ आम्ही लावू.

त्यानं ठेवलं. दोनशे चौदा ओळींत मापाच्या एकतीस तऱ्हा निघाल्या.

“आता एकेक सांगा,” दीपमाला म्हणाली. दोघी काउंटरमागे मांडी घालून बसल्या, मध्ये वही. आणि इथून पुढचा तास दीपमालेच्या आयुष्यातला सर्वांत मजेचा होता, असं ती स्वतःच सांगते.

“हे काय? उजवा दोन-आठ, डावा दोन-सहा?”

“ती गोठामा काम करस. उजवा हातनं दूध काढस. चौदा म्हशी.”

“हे ‘२.६, पण २.८ धर’?”

मंगलाबाईंनी दरवाजाकडे पाहिलं. दरवाजा बंद होता, तरी आवाज खाली आला. “तिले तिसरा महिना चालू शे. लगीनलोंग हात सुजी. आजून तिन्या सासूलेबी माहीत नही.”

“मग तुम्हाला तिनं सांगितलं?”

“तिले तरी कोठे माहीत व्हतं. मी हात दाबा, मंग ती रडी पडनी.”

दीपमालेनं तोंडावर पदर धरला. पुढची तऱ्हा आली आणि तिथं ती अडली. लिहिलेलं होतं: ‘सांगस २.८ शे २.१२’. नाव शांतीबाई पाटील.

“सांगस अडीच,” मंगलाबाई शांतपणे म्हणाल्या, “शे पावणेतीन.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, म्हणजे? पंचवीस वरीस व्हयनात. तिन्हा लगनमा अडीच व्हतं, तव्हापशी ती अडीचच सांगस. मी बी कव्हा बोलनी नही. पावणेतीनन्या भरस आन खोकानी चिठ्ठी नखघाई खरडी टाकस. ती खूश, मी खूश, बांगडी बी खूश.”

“अशा किती जणी आहेत?”

“अकरा.”

अकरा जणी. दीपमालेच्या ध्यानात आलं, की खरी गोम इथं आहे. माल पावणेतीनचाच मागवायचा, नाहीतर शांतीबाईच्या हातात काच फुटेल. आणि डबीवर पावणेतीन छापायचं नाही, नाहीतर काचेपेक्षा मोठं काहीतरी फुटेल. शांतीबाईंनीच तर मांडवभर बायकांसमोर डब्या वाटायचं ठरवलं होतं, माप ठळक छापून.

वहीच्या त्या एका रकान्यात दोन खऱ्या गोष्टी होत्या. आकड्याला एकच कळते.

तिनं एक छोटं कोष्टक केलं. एकतीस तऱ्हा, आणि प्रत्येकीपुढे दोन घरं: मागवायचं काय, छापायचं काय. ‘अडीच’ आलं तर मागव २.८, छाप २.८. ‘सांगस’ आणि ‘शे’ आलं तर ‘शे’पुढचं मागव, ‘सांगस’पुढचं छाप. ‘धर’ आलं तर धरायचं तेच मागव आणि छापायचं जुनंच, म्हणजे तिची सासू बिनघोर. आणि शेवटी एक कडक ताकीद: कोष्टकात नसलेली तऱ्हा दिसली, की गिळायची नाही. थांबायचं आणि बाईचं नाव घेऊन विचारायचं.

“यंत्रले लबाडी येस का?” मंगलाबाईंनी विचारलं.

“नाही आई. लबाडी शांतीबाईंची. यंत्र फक्त कुणाला सांगत नाही.”

“मंग ते मन्हापेक्षा बरं शे,” मंगलाबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःविषयी असं काही कबूल केलं असावं.

दुपारी कागद छापला. दोन-दोनचे हात तीन. सगळे मिळून दोनशे चौदा. मंगलाबाईंनी पेरांवर तीनदा मोजले, मग स्वतः फिरोजाबादच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि कागदावरचं वाचून दाखवलं. वाचून दाखवलं म्हणजे सुनेनं खुणावलं तिथं बोट ठेवत वाचलं. पण फोन मात्र त्यांच्याच हातात होता. पैजेचा निकाल अजून लागायचा होता.

माल आला, डब्या भरल्या, लेबलं चिकटली. लग्नाच्या दोन दिवस आधी लोणखेड्याला पाटलांच्या ओसरीवर सतरंज्या पडल्या आणि बायकांचा नुसता बाजार भरला. दीपमाला नावं पुकारत होती, योगेंद्र डबी देत होता, मंगलाबाई भरत होत्या. नवरीला चुडा भरला. ‘दोन-आठ धर’वालीला भरला, हात खरंच सुजला होता आणि दोन-आठ झोकात बसल्या. चौदा म्हशींच्या बाईला उजवी-डावी वेगळी दिली, तिनं दीपमालेकडे असं पाहिलं, जसं कुणी पहिल्यांदाच तिला नीट मोजलं होतं. शंभर झाले. दीडशे झाले. एकही बांगडी अडली असं झालं नाही, एकही गळाली असंही नाही.

शांतीबाईंची डबी आली. छापील नाव, खाली २.८. त्यांनी ती अशी धरली, की डाव्या-उजव्या दोन्ही रांगांना वाचता यावं.

“आजूनबी अडीच,” त्या म्हणाल्या. “तीन लेकरं व्हयनात, पण हात तोच.”

आणि इथं भानगड झाली. शांतीबाईंची जाऊ रंजिता शेजारीच बसली होती. हिचं माप मात्र खरोखरच अडीच, छापील आणि आतलंही. जावा-जावांचं प्रेम तुम्हाला माहीत आहे. शांतीबाईंच्या डबीतल्या बांगड्यांवर टिकल्या जरा जास्त चमकत होत्या, कारण नवरीच्या आईसाठी मुद्दाम निवडलेल्या. रंजितानं हात पुढे केला आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यातली एक उचलून स्वतःच्या हातात सरकवली.

“दखू तं. आपलं माप एकच शे.”

बांगडी मनगटावरून गेली, कोपरापर्यंत गेली आणि तिथं घागरीच्या चुंबळीसारखी डुलत राहिली.

रंजितानं हात वर केला. बांगडी खाली आली. हात खाली केला, बांगडी वर गेली नाही, पंजावरून निसटून सतरंजीवर पडली. “माय वं,” ती म्हणाली, “अडीचनी बांगडी इतली ढिली?”

ओसरीवर एकेक बोलणं थांबत गेलं. बायका आधी रंजिताच्या हाताकडे पाहू लागल्या, मग डबीवरच्या छापील आकड्याकडे, आणि आता त्यांच्या नजरा शांतीबाईंच्या मनगटाकडे निघाल्या होत्या. शांतीबाईंच्या कपाळावर घाम दिसू लागला. दीपमालेनं सासूबाईंकडे पाहिलं. मंगलाबाईंचा चेहरा कोरा होता. पंचवीस वर्षं नखानं खरडून भागलं होतं, पण छापील लेबल असं उघड्यावर खरडता येत नाही. दीपमालेच्या डोळ्यांपुढे माळा आला, माळ्यावरचा लॅपटॉप आला, समोर पिनांचं कार्ड आलं. आणि कोष्टकात याचं उत्तर नव्हतं.

मग ती उठली, रंजिताजवळ जाऊन बसली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी बोट दाबलं. लग्नघरात तिनं दाबलेला तो पहिलाच हात.

“काकू,” ती म्हणाली, चुकताना लागतो तोच थाट आवाजात आणून, “तुम्ही बारीक झालात.”

रंजितानं दुसरा हात उलटसुलट करून पाहिला.

“महिन्यापूर्वी आईंनी माप घेतलं तेव्हा अडीच होतं. लग्नाच्या धावपळीत उतरलं. तरी मला शंका होतीच, म्हणून तुमच्या डबीत घट्ट बसणाऱ्या काढून ठेवल्यात. ही ठेवा, त्या घालून बघा.”

योगेंद्रनं तिची डबी पुढे केली. आतल्या अडीचच्या बांगड्या अडीचच्या हाताला बसायच्या तशा नेमक्या बसल्या. “घट्ट बी नही, ढिल्या बी नही,” रंजिता म्हणाली आणि तिनं हात शेजारणीपुढे धरला. “दख वं. धावपळनं उतरी गयं.” तिनं तो शेजारणीच्या शेजारणीपुढेही धरला. पुढचा पाऊण तास ओसरीवर फक्त रंजिताच्या उतरलेल्या वजनाची चर्चा चालली, ती काय खाते, काय खात नाही, सकाळी कोमट पाणी पिते का. शांतीबाईंच्या बांगड्या मंगलाबाईंनी त्या गर्दीत निमूटपणे भरल्या. पावणेतीनच्या, एकही न फुटता. भरून झाल्यावर शांतीबाईंनी दीपमालेचा हात क्षणभर दाबला आणि सोडला.

दोनशे चौदावी डबी रिकामी झाली तेव्हा ऊन कलत होतं. परतताना रिक्षात मंगलाबाई वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या, योगेंद्र पुढे ड्रायव्हरशेजारी.

“तू तिन्हा हात दाबा,” त्या म्हणाल्या. “काय लागनं?”

“अडीच. एक केसभर जास्तच. बारीक कसली, भरलीय.”

“हां,” मंगलाबाई म्हणाल्या.

स्टँडजवळ फोन वाजला. तळोद्याकडचं कुणी होतं, लग्न फाल्गुनात, तीनशेवर बाया, कधी येता माप घ्यायला. मंगलाबाईंनी सवयीनं वही उघडली, पेन्सिल शोधली. मग थांबल्या आणि फोन कानापासून काढून शेजारी धरला.

“मन्ही सून सांगी,” त्या फोनकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, “ते काम ती दखस.”

दीपमालेनं फोन घेतला, आणि वही घ्यायला दुसरा हात पुढे केला. मंगलाबाईंनी ती दिली. दोन बोटं जरा रेंगाळली, पण दिली.

“नमस्कार,” दीपमाला फोनवर म्हणाली. “आधी मला नावं पाठवा. मापं तुम्ही नका सांगू, ती आम्ही येऊन घेऊ.”

आवाज बायकोचा, बोलणं थेट आईचं; पुढे बसलेला योगेंद्र हसला. आजवर त्याला कुणी विचारलं नाही कशाला, आणि त्यानंही सांगितलं नाही. पण शहाद्यात असं काही फार दिवस लपून राहत नाही.